कवळाण्याचें गायकवाड घराणें

नाशिक जिल्ह्यांत जुन्या सरदार घराण्यांची उणीव नाहीं. मालेगांवास मोसम नदीच्या कांठीं नारोशंकर राजेबहाद्दरांनीं बांधविलेला भुईकोट किल्ला उभा आहे. खुद्द नाशकांत गोदातीरीं याच सरदारांनीं १७४७ सालीं उभारलेलें रामेश्वराचें देऊळ आहे, आणि त्याच्या तटावरील थोरली घंटा पंचवटीकडे जाणाऱ्याच्या नजरेंत भरल्यावांचून राहत नाहीं. विंचुरास विठ्ठल शिवदेवांच्या वंशजांनीं पिढ्यान् पिढ्या जहागीर भोगली. या घराण्यांचा इतिहास सनदांत आणि दगडी बांधकामांत लिहिलेला आहे. परंतु याच जिल्ह्यांत, मालेगांव तालुक्यांतील कवळाणें या लहानशा गांवीं, एक घराणें असें नांदत होतें, कीं त्याच्यापाशीं किल्ला नव्हता, घंटा नव्हती आणि फौजहि नव्हती. होतें तें शेत आणि एक जुनें आडनांव. १८७५ सालच्या उन्हाळ्यांत या घरांतील बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला, आणि पुढें त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ त्यानें तेथें राज्य केलें. महाराज सयाजीराव गायकवाड हे ते होत.

ही हकीकत महाराष्ट्रांत बहुधा नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. शेतांतला मुलगा राजा झाला, यांत लोकांना कहाणीचा आनंद मिळतो. परंतु नशीब फार तर दार उघडून देतें. आंत गेल्यावर काय करावयाचें, तें नशीब शिकवीत नाहीं. कवळाण्याच्या या कुटुंबाच्या इतिहासांत एका जुन्या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा झालेली दिसते. थोरवी रक्तांतून येते, कीं ती शिक्षणानें घडवितां येते? या परीक्षेचा निकाल वाटतो तितका सोपा नाहीं. कारण जो मुलगा शेतांतून आला तो राज्यकर्ता झाला, आणि जीं मुलें राजवाड्यांत जन्मलीं, त्यांच्या वाट्याला निराळेंच भविष्य आलें.

प्रथम घराण्याचें मूळ पाहिलें पाहिजे. गायकवाड मूळचे पुणें प्रांतांतील दावडीचे. सेनापति दाभाडे यांच्या हाताखालीं लढून त्यांनीं नांव मिळविलें. पिलाजीराव गायकवाडांनीं गुजरातेंत मराठ्यांचा जम बसविला. १७३२ सालीं डाकोर येथें दग्यानें त्यांचा खून झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव यांनीं १७३४ सालीं बडोदें घेतलें, आणि तेव्हांपासून गादी दमाजीरावांच्या वंशाकडे राहिली. पिलाजीरावांचे दुसरे एक पुत्र प्रतापराव. कवळाण्याची शाखा त्यांच्यापासून निघालेली. शंभर-सवाशें वर्षांत या दोन शाखांमधलें अंतर इतकें वाढलें, कीं एकीकडे हत्तींच्या झुंजी चालत, तर दुसरीकडे बैलजोडीची चिंता. काशीराव गायकवाड यांच्या पिढींत कवळाण्याच्या घराला राजघराणें म्हणणें हें केवळ वंशावळीपुरतें खरें होतें. काशीराव आणि उमाबाई यांना तीन मुलगे: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. मधला गोपाळराव १८६३ सालच्या मार्चमध्यें जन्मला. त्या वेळीं नाशिक हा स्वतंत्र जिल्हाहि नव्हता. तो १८६९ सालीं करण्यांत आला.

अशा दूरच्या शाखेंतून वारस निवडला जावा, हें आपल्या दत्तकाच्या चालीमुळेंच शक्य झालें. विलायतेंतील सरदारांची रीत याहून अगदीं वेगळी. १८६९ पासून हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड मेयो हे आयर्लंडांतील बर्क घराण्याचे सहावे अर्ल. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें त्यांचा खून झाला, आणि त्यांची पदवी आपोआप थोरल्या मुलाकडे, डर्मट बर्क याच्याकडे गेली. मुलगा लायक आहे कीं नाहीं, हें कोणी विचारलें नाहीं; विचारण्याची पद्धतहि नव्हती. तेथें औरस पुरुषवंश संपला, कीं पदवीहि संपते. परका मुलगा मांडीवर घेऊन ती चालवितां येत नाहीं.

आपल्याकडे निपुत्रिकाला दत्तकाचा मार्ग शास्त्रानें दिलेला आहे. डलहौसीनें तोच मार्ग अडवून सातारा, झांशी आणि नागपूर हीं राज्यें खालसा केलीं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें हें धोरण सोडलें, आणि १८६२ सालीं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. बडोद्याचे खंडेराव महाराज यांनाहि अशी सनद मिळाली होती. कवळाण्याच्या मुलाचें भाग्य तेराव्या वर्षीं उघडलें खरें. पण त्याची किल्ली त्याच्या जन्मापूर्वींच तयार झालेली होती.

खंडेराव महाराज मोठे हौशी. मदीनेच्या पवित्र कबरीवर अर्पण करण्यासाठीं मोत्यांनीं भरलेली चादर त्यांनीं विणवून घेतली होती, ती पुढें जगप्रसिद्ध झाली. १८७० च्या नोव्हेंबरांत ते वारले, तेव्हां त्यांना पुत्र नव्हता. त्यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पादऱ्यास अटकेंत असलेले त्यांचे बंधु मल्हारराव एकाएकीं कैदेतून गादीवर आले. राणी जमनाबाई त्या वेळीं गरोदर होत्या. मुलगा झाला असता, तर मल्हाररावांना गादी सोडावी लागली असती; १८७१ सालीं मुलगी झाली आणि तो प्रश्न मिटला.

मल्हाररावांच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या. रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचें हाडवैर जमलें. घडी बसविण्यासाठीं दादाभाई नवरोजी यांना दिवाण नेमण्यांत आलें, पण त्यांनाहि फार दिवस टिकतां आलें नाहीं. १८७४ च्या नोव्हेंबरांत कर्नल फेअर यांच्या सरबतांत विष घातल्याचा बोभाटा झाला आणि संशय महाराजांवर आला. चौकशीसाठीं सहा जणांचें कमिशन बसलें. तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे होते. महाराजांच्या बचावासाठीं बॅलंटाइन नांवाचा नामांकित वकील खुद्द लंडनहून आला. अखेर तीनहि इंग्रजांनीं आरोप शाबीत मानला, आणि तीनहि हिंदी सभासदांनीं तो शाबीत मानला नाहीं. साऱ्या हिंदुस्थानांत खळबळ उडाली. तेव्हां सरकारनें विषाची बाब बाजूस ठेवून गैरकारभाराचें कारण पुढें केलें, आणि १८७५ च्या एप्रिलमध्यें मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासेस पाठविलें. तेथेंच १८८२ सालीं त्यांचा अंत झाला.

राज्य मात्र खालसा झालें नाहीं. लोकमताचा क्षोभ पाहतां तें करणें सोपेंहि नव्हतें. जमनाबाईंनीं गायकवाड वंशांतील योग्य मुलगा दत्तक घ्यावा असें ठरलें, आणि शोध कवळाण्यापर्यंत येऊन पोंचला. काशीराव आपल्या तीनहि मुलांना घेऊन बडोद्यास आले. येथें जी आख्यायिका सांगतात ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. प्रत्येक मुलाला विचारण्यांत आलें, कीं तूं येथें कशासाठीं आलास? इतर मुलें गोंधळलीं. गोपाळरावानें मात्र, राज्य करावयास आलों, असें न अडखळतां सांगितलें. आख्यायिकेंत पुढून किती भर पडली असेल ती असो. तिच्यांतला मर्म असा, कीं येथें निदान प्रश्न विचारला गेला. मेयोंच्या घरीं विचारला गेला नाहीं, तो हा प्रश्न.

२७ मे १८७५ रोजीं दत्तविधान झालें. दत्तकाचा विधि म्हणजे केवळ समारंभ नव्हे. त्या एका दिवसांत मुलाचा बाप बदलतो. एकुलता एक मुलगा दत्तक देऊं नये, असें धर्मशास्त्र सांगतें. काशीरावांना तीन मुलगे होते, म्हणून मधला देण्यास शास्त्राची आडकाठी नव्हती. आडनांव तेंच राहिलें, कारण घर गायकवाडांचेंच. परंतु सकाळीं जो गोपाळ काशीराव होता, तो विधि संपतांच सयाजीराव खंडेराव झाला. ज्यांना त्यानें कधीं पाहिलें नव्हतें, ते पांच वर्षांपूर्वीं वारलेले महाराज त्याचे पिते ठरले, आणि ज्यांच्या हाताला धरून तो बडोद्यास आला, ते कायद्याच्या दृष्टीनें त्याचे कोणी उरले नाहींत. आपल्या हातानें मुलाला दुसऱ्याच्या मांडीवर ठेवणें हें प्रत्येक दत्तकविधींतलें दुःख आहे. बडोद्याच्या तोफांच्या आवाजांत तें ऐकूं आलें नाहीं, इतकेंच.

आतां घडणीला आरंभ झाला. मुलाला लिहिणें-वाचणें जवळ जवळ येत नव्हतें. राज्यकारभार त्रावणकोर आणि इंदूर येथें नांव कमावलेले दिवाण सर टी. माधवराव यांच्या हातीं होता. शिक्षक म्हणून एलियट नांवाचा तरुण मुलकी अधिकारी नेमला गेला. धाकटे बंधु संपतराव शिक्षणांत सोबतीला होते. मराठी, गुजराथी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा. त्यांवर गणित, इतिहास, भूगोल. शिवाय घोड्यावर बसणें आणि तालीम. इतर मुलें पांचव्या-सहाव्या वर्षीं जें सुरू करतात, तें या मुलानें तेराव्या वर्षीं सुरू केलें, आणि अठराव्या वर्षापर्यंत राज्य करण्याइतकें पुरें करावयाचें होतें. अखेरच्या वर्षीं माधवरावांनीं राज्यनीतीवर त्याला जीं व्याख्यानें दिलीं, तीं ‘मायनर हिंट्स’ या नांवानें ग्रंथरूप झालीं. प्रजेचें हित हेंच राजाचें हित, कायदा राजाच्या लहरीहून मोठा, हे त्या शिकवणीचे धडे.

या अभ्यासाच्या मधून मधून त्याला मिरवावेंहि लागे. गादीवर येऊन सहा महिने होतात न होतात, तोंच १८७५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानांत आले आणि हा दागिन्यांनीं मढलेला बालराजा त्यांच्या भेटीस मुंबईला गेला. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरला. तेथें त्याला ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ हा किताब मिळाला. याचा अर्थ इंग्रज सरकारचा खास पुत्र! जन्मानें काशीरावांचा, विधीनें खंडेरावांचा आणि किताबानें इंग्रजांचा, असा हा तीन बापांचा मुलगा झाला. आणि त्याच १८७७ सालीं काशीराव वारले. मुलाला पूर्ण अधिकार मिळालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

तो अधिकार २८ डिसेंबर १८८१ रोजीं मिळाला. तेव्हां महाराजांचें वय अठरा वर्षांचें होतें. पुढच्या अर्धशतकांत त्यांनीं जें केलें त्याची संपूर्ण यादी येथें देण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतलें एक काम त्यांच्या स्वतःच्या आयुष्यांतून थेट उगवलेलें आहे, तें म्हणजे सक्तीचें शिक्षण. ज्याला तेराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती आणि सहा वर्षांच्या मेहनतीनें जो चार भाषांत व्यवहार करूं लागला, त्याला एक गोष्ट पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं: कवळाण्यांत आणि तशा हजारों गांवांत जीं मुलें गुरें राखीत आहेत, त्यांच्या अंगीं बुद्धि नाहीं असें नव्हे, त्यांना कोणी बोलावलेलें नाहीं, एवढेंच.

१८९३ सालीं महाराजांनीं अमरेली तालुक्यांतील निवडक गांवीं मोफत आणि सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. तेथील अनुभव घेऊन १९०६ सालीं तें सबंध राज्याला लागू केलें. मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयांत शाळेंत पाठविणें भाग झालें. न पाठविणाऱ्या आईबापांस दंड. हिंदुस्थानांत असा कायदा ब्रिटिश मुलखांतहि नव्हता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, तेव्हां बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशीं होता. सरकारच्या बहुमतानें १९१२ सालीं तें बिल नापास झालें. इंग्रजांच्या ‘खास पुत्रा’ला जें परवडलें, तें इंग्रज सरकारला परवडलें नाहीं!

शाळा सोडलेला मुलगा पुन्हा निरक्षर होऊं नये म्हणून ग्रंथालयें हवींत, हें महाराजांनीं ओळखलें. १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे तज्ज्ञ आणवून त्यांनीं राज्यभर ग्रंथालयांचें जाळें विणविलें. येथें कवळाण्याचा आणखी एक मुलगा पुढें येतो. धाकटे संपतराव मोठे ग्रंथप्रेमी होते, आणि त्यांनीं जमविलेला मोठा पुस्तकसंग्रह बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत सामील झाला. गादी एका भावाला मिळाली. पण शिक्षणाची गोडी दोघांना लागली.

याच हातानें दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं भीमराव आंबेडकर अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेले. अस्पृश्य मुलांसाठीं बडोद्यांत शाळा काढण्याचें काम महाराजांनीं कारकीर्दीच्या आरंभींच हातीं घेतलें होतें. परंतु राजाची इच्छा आणि राज्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१७ सालीं आंबेडकर करारानुसार नोकरीसाठीं बडोद्यास आले, तेव्हां कचेरींत त्यांना विटाळाची वागणूक मिळाली, आणि राहावयास साधें घर मिळालें नाहीं; शेवटीं त्यांना बडोदें सोडावें लागलें. ज्या राजधानीनें शेतांतल्या अनोळखी मुलाला गादी दिली, तिनें जगांतल्या एका मोठ्या विद्यापीठांतून आलेल्या पंडिताला खोली दिली नाहीं. पुढें १९३० सालीं नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला आणि १९३५ सालीं याच जिल्ह्यांत येवल्यास आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. राजाच्या दानाला समाजाची साथ मिळाली नाहीं, तर त्याची मर्यादा कोठें येऊन थांबते, हें या इतिहासांतून कळतें.

इंग्रजांशीं नातेंहि सरळ राहिलें नाहीं. १९११ च्या दिल्ली दरबारांत बादशहा पंचम जॉर्ज यांना मुजरा करून परततांना महाराजांनीं रीतीप्रमाणें उलट्या पावलीं न जातां पाठ फिरविली, म्हणून विलायतेंतील पत्रांनीं गहजब केला. महाराजांना खुलासा आणि दिलगिरी लिहून द्यावी लागली. किताबाचा बाप रागावला म्हणजे मुलाचें काय होतें, हें मल्हाररावांच्या उदाहरणावरून ते जाणून होते.

आतां घराच्या आंत डोकावलें पाहिजे. ६ जानेवारी १८८० रोजीं महाराजांचा पहिला विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यांतील लक्ष्मीबाई यांच्याशीं झाला. सासरीं त्यांचें नांव चिमणाबाई ठेवण्यांत आलें. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा झाला. दोन्ही मुली बालपणींच गेल्या, आणि १८८५ सालीं चिमणाबाईहि वारल्या. बडोद्यांतील घड्याळाचा चिमणाबाई टॉवर हें त्यांचेंच स्मारक. मागें राहिला तो १८८३ सालीं जन्मलेला मुलगा फत्तेसिंहराव. त्याच १८८५ सालच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यांतील गजराबाई यांच्याशीं दुसरा विवाह झाला. त्याहि चिमणाबाई या नांवानेंच ओळखल्या जाऊं लागल्या. त्यांना जयसिंहराव, शिवाजीराव आणि धैर्यशीलराव हे मुलगे व इंदिराराजे ही मुलगी झाली. १८९० सालीं लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. कवळाण्याच्या घरीं मिळाली नव्हती ती प्रत्येक सोय या मुलांना तेथें मिळाली.

शिक्षणाच्या सामर्थ्यावर महाराजांची एवढी श्रद्धा होती, कीं मुलांसाठीं त्यांनीं जगांतलें उत्तम तें निवडलें. फत्तेसिंहराव ऑक्सफर्डास गेले. जयसिंहराव अमेरिकेंत हार्वर्डास. शिवाजीराव पुन्हा ऑक्सफर्डास, आणि तेथें विद्यापीठाच्या संघांतून क्रिकेटमध्येंहि चमकले. परंतु जो प्रयोग एका गरीब मुलावर यशस्वी झाला, तो राजपुत्रांवर फळला नाहीं. मद्याच्या व्यसनानें घराला ग्रासलें. फत्तेसिंहराव १९०८ सालीं वारले, तेव्हां त्यांचा मुलगा प्रतापसिंह अवघ्या कांहीं आठवड्यांचा होता. शिवाजीराव १९१९ सालीं गेले. जयसिंहराव परदेशीं उपचार घेत असतां १९२३ सालीं बर्लिनला निवर्तले. पंधरा वर्षांत तीन कर्ते मुलगे! ज्या राजानें लक्षावधि मुलांच्या शिक्षणाची तजवीज केली, त्याला आपल्या घरच्या मुलांचें आयुष्य सांभाळतां आलें नाहीं, हें दुःख शब्दांत मावण्यासारखें नाहीं.

दोष शिक्षणाला देणें मात्र योग्य होणार नाहीं. शाळा एकच गोष्ट देऊं शकत नाहीं, ती म्हणजे शिकण्याची गरज. कवळाण्याच्या मुलाला ती उपजतच मिळाली होती. न शिकला तर त्याला दरबारांत उभें राहतां आलें नसतें. त्याच्याकडे साऱ्यांच्या नजरा होत्या, आणि थोडें चुकलें तर काय होतें हें मद्रासेस पाठविलेल्या महाराजांच्या रूपानें डोळ्यांसमोर होतें. राजपुत्रांना अशी परीक्षा नव्हती. त्यांना सर्व कांहीं जन्मतःच मिळालें होतें. ‘येथें कशासाठीं आलांत?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न ज्या एका अपत्यानें स्वतःलाच विचारला, ती मुलगी होती. इंदिराराजे यांचें लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशीं ठरलें होतें. त्यांनीं तें मोडलें आणि १९१३ सालीं लंडनला कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशीं, आईबापांचा विरोध पत्करून, विवाह केला. १९०४ सालीं बालविवाहाला बंदी करणारा राजा आपल्या मुलीच्या पसंतीपुढें मात्र बापच राहिला. ज्या मुलीला त्यानें शिकविलें, ती आपला निर्णय आपण घेईल, हें शिक्षणाचें फळ गोड मानून घ्यावयास त्यालाहि वेळ लागला. पुढें वैधव्य आल्यावर याच इंदिराराजेंनीं मुलाच्या लहानपणीं कूचबिहारचा कारभार पाहिला. राणी चिमणाबाईहि पडदा सोडून सार्वजनिक कार्यांत उतरल्या, आणि १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. या घराण्यांत शिक्षणाचें चीज पुत्रांपेक्षां स्त्रियांनींच अधिक केलें, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबईस सयाजीराव महाराजांचा अंत झाला. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. दहा वर्षांनीं, १ मे १९४९ रोजीं, बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि ज्या गादीसाठीं कमिशनें बसलीं, वंशावळी धुंडाळल्या गेल्या, ती गादी राज्य म्हणून उरली नाहीं. त्याच सुमारास बडोद्यास महाराजांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. तें आजहि चालू आहे.

कवळाण्याच्या गायकवाडांपाशीं नाशिक जिल्ह्यांतील इतर सरदारांप्रमाणें दाखविण्यासारखा किल्ला नाहीं. १८७५ सालीं बडोद्याला जी कांहीं मुलें नेण्यांत आलीं, त्यांतून एकाची निवड झाली. बाकीचीं मागें राहिलीं. राजांच्या जगांत निवड अशीच होते, एकाची. त्या निवडलेल्या मुलानें पुढें राजा होऊन असा कायदा केला, कीं सात वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला शाळेच्या दाराशीं बोलावलेंच पाहिजे, मग तें मूल कोणाच्याहि पोटीं आलेलें असो. काशीरावांनीं आपला एक मुलगा दिला. त्याचा मोबदला कवळाण्याला जहागिरीच्या रूपानें मोजण्यापेक्षां अमरेलीच्या त्या पहिल्या शाळांच्या पटांवर मोजणें अधिक न्यायाचें होईल.